परळच्या दवाखान्यात खाट का मिळत नव्हती?
(रुग्णालयातील गर्दीचा हिशेब, आपल्या गाळपाच्या भाषेत)



या पानावर आम्ही एरवी लागण, खते, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. यावेळी विषय वेगळा घेतला आहे, त्याला कारण आहे. गट कार्यालयात किंवा शिवारफेरीत चार माणसे जमली की बोलणे फिरून करोनाच्या दिवसांवर येते. साथ ओसरून वर्षे झाली, तरी एक सल पुष्कळांच्या मनात राहून गेली आहे. "आमच्या माणसाला घेऊन मुंबईत चार दवाखाने फिरलो, खाट मिळाली नाही." "दोन तास दारात बसवून ठेवले, आणि मागून आलेल्याला आधी आत घेतले." "एवढे मोठे सरकार आणि प्राणवायू कसा संपतो?" हे प्रश्न रास्त आहेत. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना हिशेब सांगून समाधान होत नाही, हे आम्हीही जाणतो. पण पुढच्या वेळी आपले माणूस वाचायचे असेल, तर हिशेब समजून घेतला पाहिजे. आणि हा हिशेब ऊस उत्पादकाला समजण्यास अवघड नाही, कारण तो आपण दर हंगामात गाडीतळावर डोळ्यांनी पाहतो.

आपला आणि परळचा संबंध

आपल्या भागातून एकेकाळी घरटी एक माणूस गिरणीत होता. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे घाटावरचे आणि रत्नागिरीकडचे कोकणातले अशा लोकांनीच लालबाग, परळ, भायखळा, वरळी हे गिरणगाव वसवले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या, पण चाळीतल्या खोल्या आणि नातीगोती राहिली. त्यामुळे गावात दुखणे हाताबाहेर गेले की आजही तोंडातून पहिला शब्द निघतो, "परळला न्या."

तो उगीच निघत नाही. परळच्या दीड-दोन मैलांच्या टापूत जेवढी मोठी रुग्णालये आहेत तेवढी राज्यात दुसरीकडे क्वचितच असतील. केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. शेजारी बायकांचे व मुलांचे अशी दोन वाडिया रुग्णालये आहेत. कर्करोगासाठी टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. थोडे अलीकडे चिंचपोकळीला साथीच्या रोगांचे कस्तुरबा, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला १८४५ सालापासूनचे जे.जे., आणि उत्तरेला शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय. दादरला तर सभासदांच्या भागभांडवलावर उभे राहिलेले सहकारी रुग्णालयही आहे, ते म्हणजे शुश्रूषा. डॉ. वसंत रणदिवे यांनी पुढाकार घेऊन १९६० च्या दशकात ते उभे केले. सहकारात केवळ साखर होते असे नाही, हे सांगण्यासाठी त्याचा मुद्दाम उल्लेख केला.

आता एवढे सगळे असताना २०२० च्या मे महिन्यात आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये खाट का मिळेना?

रुग्णालय आणि गाळप

समजा, आपल्या कारखान्याची गाळप क्षमता रोजी २,५०० टन आहे. तळावर रोज २,५०० टन ऊस आला तर गाडी आली, काट्यावर गेली, गव्हाणीत रिकामी झाली आणि परत फिरली. कोणाची तक्रार नाही. उद्यापासून रोज ३,००० टन येऊ लागला तर काय होईल? पहिल्या दिवशी ५०० टन उभा राहील. चौथ्या दिवशी २,००० टन उभा असेल, म्हणजे जवळजवळ एका दिवसाचे गाळप तळावरच वाळत पडलेले. रांग रस्त्यापर्यंत जाईल. त्या दिवशी गव्हाणीवरच्या माणसाला कितीही शिव्या दिल्या तरी मिल २,५०० च्या वर ओढणार नाही. आवक अवघी पाचव्या हिश्शाने वाढली, आणि चार दिवसांत सगळा तळ तुंबला.

रुग्णालयाचे असेच आहे, फक्त एक भर घालावी लागते. ऊस गव्हाणीत पडला की तास-दीड तासात त्याचा निकाल लागतो. माणूस खाटेवर झोपला की तो दहा दिवस झोपतो. म्हणून तिथे दोन आकडे बघावे लागतात : रोज किती आले, आणि प्रत्येकजण किती दिवस राहिला. या दोहोंचा गुणाकार म्हणजे लागणाऱ्या खाटा. रोज १०० रुग्ण दाखल होतात आणि सरासरी दहा दिवस राहतात, तर १,००० खाटा लागतात. रुग्ण तेवढेच राहिले आणि मुक्काम दहाचा बारा दिवस झाला, तर १,२०० खाटा लागतील. बाहेरून एकही रुग्ण वाढलेला नसताना दोनशे माणसे दारात उभी राहतील.

करोनात दोन्ही आकडे एकदम वाढले. रुग्ण वाढले हे सर्वांना दिसले. मुक्काम वाढला हे फारसे कोणी सांगितले नाही. सुरुवातीला नियम असा होता की रुग्णाला बरे वाटले तरी तपासणी निगेटिव्ह आल्याशिवाय घरी सोडायचे नाही. म्हणजे गाडी रिकामी झाली आहे, पण पावती नाही म्हणून ती काट्यावरच उभी. ८ मे २०२० रोजी केंद्राने हा नियम बदलला, आणि सौम्य व मध्यम आजाराच्या रुग्णांना लक्षणे गेल्यावर ठराविक दिवसांनी पुन्हा तपासणी न करता घरी सोडण्याची मोकळीक दिली. त्या एका कागदाने ज्या खाटा मोकळ्या झाल्या, त्या नव्या बांधायच्या म्हटल्या असत्या तर महिने लागले असते.

म्हणून अपघात विभागात, म्हणजे ज्याला मुंबईत कॅज्युअल्टी म्हणतात तिथे गर्दी दिसते तेव्हा दोष बहुतेक वेळा त्या विभागातच नसतो. वरच्या वॉर्डात खाट रिकामी होत नाही, म्हणून खालचा रुग्ण स्ट्रेचरवरून हलत नाही. तो हलत नाही म्हणून रुग्णवाहिकेतला खाली उतरत नाही. आणि रुग्णवाहिका अडकून पडली म्हणून तिसऱ्याच्या घरी ती पोचत नाही. तळ तुंबतो तो गव्हाण ओढत नाही म्हणून. गाडीवानांनी दाटी केली म्हणून नव्हे.

सन २०२० मध्ये काय घडले

महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले, मुंबईतले दोनच दिवसांनी. १३ मार्चला राज्याने साथरोग कायदा लागू केला. मुंबईतला पहिला मृत्यू १७ मार्चला कस्तुरबा रुग्णालयात झाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली.

टाळेबंदीने रोग जातो असे कोणी शहाणा माणूस म्हणत नव्हता. तिचा हेतू समजायला आपल्या लागणीच्या वेळापत्रकाकडे बघावे. आपण आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा असे टप्पे का पाडतो? सगळ्यांचा ऊस एकाच पंधरवड्यात पक्व झाला तर कोणताही कारखाना तो गाळू शकणार नाही, म्हणून. एकूण टनेज तेच, पण पाच महिन्यांवर पसरले की निभते. रुग्णांचे तसेच. शंभर माणसे एका आठवड्यात आजारी पडली तर वीस दारात मरतील, तीच तीन महिन्यांत पडली तर प्रत्येकाला खाट मिळेल. आणि साथ दुपटीने वाढते हे ध्यानात घ्यावे. दर आठवड्याला दुप्पट धरली तर आज शंभर, पुढे दोनशे, चारशे, आठशे. पाचव्या आठवड्यात सोळाशे. इतक्या वेगाने खाटा कोण वाढवणार?

पण पसरवणेही मुंबईत सोपे नव्हते. लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे, मजल्याला सामाईक संडास आणि एकच जिना. तिथे "अंतर ठेवा" म्हणजे नेमके कुठे ठेवा? वरळी कोळीवाड्यासारखी दाट वस्ती मार्चअखेर बंद करावी लागली, १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला. घरात वेगळे राहता येत नाही म्हणून सौम्य आजाराचे रुग्णही बाहेर ठेवावे लागले, आणि खाटांवरचा भार आणखी वाढला.

एप्रिलमध्ये नायर रुग्णालय पूर्णपणे करोनासाठी राखले. केईएम आणि शीव येथे करोनाचे व इतर असे दोन्ही रुग्ण चालू राहिले. काही खासगी रुग्णालयांत परिचारिका आणि डॉक्टरच बाधित झाले, त्यामुळे ती बंद ठेवावी लागली आणि त्यांचे रुग्णही सरकारी व महापालिकेच्या दारात आले. मे महिन्यात शीव रुग्णालयातील एक चित्रफीत देशभर पाहिली गेली. वॉर्डात रुग्णांच्या शेजारी गुंडाळलेले मृतदेह होते. पाहणाऱ्याचे काळीज हलले. त्यामागेही तुंबलेली जावकच होती. नातेवाईक स्वतः विलगीकरणात, मृतदेह ताब्यात घ्यायला कोणी नाही, कागदपत्रे अपुरी आणि शवागार भरलेले. कारण समजले म्हणून ते क्षम्य ठरत नाही. पण कारण समजल्याशिवाय दुरुस्ती होत नाही.

मागून आलेल्याला आधी का घेतले?

ही सर्वांत कडू तक्रार आहे, म्हणून तिला वेगळे उत्तर देतो.

आपला तोडणी प्रोग्राम लागणीच्या तारखेप्रमाणे चालतो. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. पण एखाद्याच्या फडाला आग लागली तर आम्ही काय करतो? क्रम बाजूला ठेवतो आणि टोळी त्या जळीत उसाकडे वळवतो. कारण जळालेला ऊस तासातासाला वजनाने आणि उताऱ्याने घटतो, उभा ऊस चार दिवस थांबू शकतो. ज्याचा क्रम मागे गेला तो सभासद कुरकुर करतो, पण उद्या त्याच्याच फडाला आग लागली तर हाच नियम त्याला वाचवतो.

रुग्णालयाच्या दारात डॉक्टर हेच करतात. रुग्ण आला की मिनिट-दोन मिनिटांत श्वास, नाडी, रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण आणि शुद्ध बघून गट पाडतात. लाल गट म्हणजे आत्ताच्या आत्ता, नाहीतर जीव जाईल. पिवळा म्हणजे तातडीचे, पण थोडा वेळ थांबू शकेल. हिरवा म्हणजे चालता-बोलता, त्याला वाट बघायला हरकत नाही. इथे आलेली वेळ बघत नाहीत, राहिलेला वेळ बघतात. ओरडणारा रुग्ण पुष्कळदा पिवळ्या गटातला असतो, आणि गप्प पडलेला लालमधला.

करोनाने इथेही फसवले. प्राणवायूचे प्रमाण ऐंशीच्या घरात गेलेली माणसे बोलत होती, मोबाईलवर घरी निरोप देत होती. घरच्यांना वाटे, काही नाही, थोडा अशक्तपणा आहे. म्हणून बोटाला लावायच्या त्या लहान यंत्राला, ऑक्सिमीटरला, एवढे महत्त्व आले. ९४ च्या खाली आकडा गेला की डॉक्टर गाठावा, हा धडा घरोघरी पोचला, पण पुष्कळांना उशिरा पोचला.

खाट आहे, पण माणूस कुठे?

बॉयलर आहे, बगॅस आहे, पण फायरमन नसला तर वाफ होत नाही. अतिदक्षता विभागातली खाट म्हणजे लोखंडी पलंग नव्हे. तिच्यामागे श्वसनयंत्र, प्राणवायूची नळी, दिवसरात्र पाळीतली परिचारिका, भूलतज्ज्ञ किंवा फिजिशियन आणि सफाई करणारा माणूस लागतो. पलंग आठ दिवसांत येतो, परिचारिका तयार व्हायला वर्षे लागतात.

मुंबईची ही माणसे राहतात कुठे? कल्याण, कर्जत, विरार. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि ती अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी १५ जूनला सुरू झाली. मधल्या काळात बेस्ट आणि एस.टी.च्या गाड्यांनी त्यांची ने-आण केली. पुढे आपल्या सांगली-सातारा भागातले एस.टी. चालक-वाहकही बेस्टच्या मदतीला मुंबईत गेले होते, हे आपल्यापैकी काही घरांना सांगायला नको. केरळातून डॉक्टर आणि परिचारिकांचे पथक आले. अंगभर प्लास्टिकचा पोशाख चढवून, घामाने निथळत, सहा-सहा तास पाणी न पिता ही माणसे उभी होती. त्यातली काही परत घरी गेली नाहीत.

प्राणवायूचा हिशेब

दुसरी लाट पहिलीपेक्षा जड गेली. ४ एप्रिल २०२१ या एका दिवशी मुंबईत ११,१६३ नवे रुग्ण नोंदले गेले. यावेळी खाटेपेक्षा प्राणवायू अपुरा पडला. हा हिशेब सभासदांनी एकदा स्वतः करून पाहावा.

मोठा सिलिंडर, ज्याला जंबो म्हणतात, त्यात साधारण ७,००० लिटर वायू मावतो. साध्या रुग्णाला मिनिटाला ५ ते १० लिटर लागतो. दहाने धरला तर सिलिंडर ७०० मिनिटे, म्हणजे पावणेबारा तासांच्या आसपास चालतो. पण फुफ्फुसे निकामी होत आलेल्या रुग्णाला मोठ्या झोताचे यंत्र लावले की मिनिटाला ६० लिटरपर्यंत जातो. तोच सिलिंडर दोन तासही पुरत नाही. अशा दहा रुग्णांना दिवसाला सव्वाशेच्या आसपास सिलिंडर. ते आणायचे, उतरवायचे, जोडायचे, रिकामे परत पाठवायचे. म्हणून मोठ्या रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूची टाकी हवी. उणे १८३ अंशांवर ठेवलेला एक लिटर द्रव वायू झाला की सुमारे ८६० लिटर होतो. टाकी बसवली, पण टँकर वेळेवर आला नाही तर काय? १६ एप्रिलच्या रात्री तसेच झाले. साठा संपत आला म्हणून महापालिकेच्या सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण एका रात्रीत मोठ्या करोना केंद्रांत हलवले, आणि सगळे सुखरूप पोचले. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी गळून पुरवठा खंडित झाला, आणि बावीसहून अधिक रुग्ण दगावले. दोन घटनांत अंतर पाच दिवसांचे. एके ठिकाणी साठा संपण्याआधी हालचाल झाली, दुसरीकडे सावरायला वेळच मिळाला नाही.

राज्याला लागणारा वायू राज्यात होईना, म्हणून १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले आणि भरून आणले. याच काळात साखर कारखान्यांकडेही मागणी आली. धाराशिव साखर कारखान्याने मे २०२१ मध्ये आपल्या इथेनॉल प्रकल्पाला जोडून प्राणवायू तयार करून दाखवला. त्याचे तत्त्व आसवनीत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. इथेनॉलमधले पाणी काढायला आपण ज्या सच्छिद्र खड्यांची चाळणी वापरतो, तशाच खड्यांतून हवा दाबाने सोडली की नायट्रोजन अडकतो आणि प्राणवायू पुढे जातो. त्याआधी २०२० मध्ये राज्यातल्या आसवन्यांनी हात धुण्याचे सॅनिटायझर केलेच होते.

हे नवीन आहे का?

नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले. आजाऱ्यांना आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयात नेत, तेच आजचे कस्तुरबा. तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी आवई उठली, आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. ती माणसे वाईट नव्हती. आत काय चालते ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्याच शहरात हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली, ती आजही हाफकिन संस्था म्हणून तिथे आहे. साथरोग कायदाही १८९७ सालचाच, जो २०२० मध्ये पुन्हा काढावा लागला.

१९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा आला. त्याची दुसरी लाट पावसाळ्यानंतर आली, आणि पहिलीपेक्षा कितीतरी मारक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. तेव्हा केईएम नव्हते, नायर नव्हते. त्याच वर्षी पाऊस कमी, धान्य महाग. दुसरी लाट जड जाऊ शकते, हे या मातीने शंभर वर्षांपूर्वी पाहिले होते. तरी २०२१ च्या फेब्रुवारीत आपण सगळेच लग्नाच्या पंगतीत बसलो होतो.

मग सावरले कसे?

सावरले ते तोडचिठ्ठीने. आम्ही चेष्टा करत नाही. सुरुवातीला प्रयोगशाळेचा अहवाल थेट रुग्णाच्या हाती जाई. पॉझिटिव्ह शब्द वाचला की घाबरलेले घर खाटेसाठी धावत सुटे, ज्याला गरज नाही तोही. जून २०२० पासून महापालिकेने अहवाल आधी स्वतःकडे घेतले आणि २४ प्रभागांत प्रत्येकी एक नियंत्रण कक्ष उघडला. परळ-लालबागचा एफ-दक्षिण, दादरचा जी-उत्तर, गिरगावचा डी. तिथून रुग्णाला फोन जाई, प्रकृती विचारली जाई, आणि गरजेप्रमाणे घरी, केंद्रात किंवा रुग्णालयात जागा नेमून दिली जाई. म्हणजे चिठ्ठीशिवाय गाडी तळावर नाही. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर सुमारे हजार खाटांचे केंद्र मे महिन्यात उभे राहिले, वरळीच्या घुमटाकार क्रीडागृहात आणखी खाटा आल्या. खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा राज्याने ठरावीक दराने ताब्यात घेतल्या. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता रक्त आणि प्लाझ्मा दानाचे शिबिर घेतले. पुढच्या वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राणवायूच्या नियोजनाबाबत मुंबईकडून शिकण्यास सांगितले.

तरीही मुंबईत या रोगाने नोंदलेले मृत्यू वीस हजारांच्या जवळ गेले. आणि ज्यांना करोना झालाच नाही, पण डायलिसिस चुकले, क्षयाच्या गोळ्या तुटल्या, छातीत कळ आली तरी भीतीने घरीच बसले, त्यांची गणती या आकड्यात नाही. इथे टाटा रुग्णालयाचे एक उदाहरण मोलाचे आहे. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या कडक टाळेबंदीत त्यांनी कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या, आणि त्यांत शस्त्रक्रियेनंतर एकही मृत्यू झाला नाही. साथ आली म्हणून बाकीची गव्हाण बंद करावीच लागते असे नाही.

गर्दीची सुरुवात आपल्या तालुक्यात होते

आता मुख्य मुद्दा. परळची गर्दी परळमध्ये तयार होत नाही. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाची जागा रिकामी, म्हणून बाळंतीण जिल्ह्याला. जिल्ह्यात यंत्र बंद, म्हणून अपघाताचा रुग्ण पुण्याला. तिथे खाट नाही, म्हणून मुंबईला. मधले सगळे ओढे बुजले की पाणी एकाच नाल्याला येते, आणि त्याला पूर आला असे आपण म्हणतो. आपल्या तालुक्यातली प्रत्येक रिकामी जागा परळच्या दारात एक स्ट्रेचर होऊन उभी राहते.

कारखान्याचे ओव्हरहॉलिंग आपण बंद हंगामात करतो. गाळप चालू असताना मिलचा रोलर काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. साथीचा हा बंद हंगाम आहे. दुरुस्तीची वेळ हीच. सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. तातडीच्या दुखण्यात थेट मुंबईचा रस्ता धरू नये. आधी १०८ क्रमांकावर फोन करावा आणि जवळच्या रुग्णालयात रुग्ण स्थिर करून घ्यावा. उसाच्या फडात साप चावला तर वेळ फार थोडा असतो. विषावरची लस ग्रामीण रुग्णालयात मिळते, ती टोचून घेतल्यावरच पुढचे बोलावे. छातीत कळ आणि तोंड वाकडे होणे यालाही हेच लागू.

२. पुढे न्यायचेच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी, आणि जिथे न्यायचे तिथे खाट आहे का हे निघण्यापूर्वी फोनवर विचारावे. चिठ्ठी नसलेल्या गाडीचे काय होते, ते आपल्याला सांगायला नको.

३. घरात एक पिशवी तयार ठेवावी. रेशनकार्ड, आधारकार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ कोणत्या आजाराला मिळतो ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

४. रुग्णासोबत एक, फार तर दोन माणसे. जीप भरून गेल्याने खाट मिळत नाही, दारातली दाटी मात्र वाढते.

५. डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारू नये. राज्यात २०१० पासून त्यासाठी कायदा आहे, तुरुंगवास होतो. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की मारहाण झाली की विभाग बंद पडतो, आणि त्या वेळी बाहेर उभा असलेला लाल गटातला रुग्ण कोणाचा तरी बाप असतो.

६. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात ठेवावा. करोनात या दोन दुखण्यांच्या माणसांना सर्वांत जास्त त्रास झाला.

७. ग्रामसभेत रस्ता आणि दिवाबत्तीबरोबर हेही विचारावे : आपल्या ग्रामीण रुग्णालयात किती पदे रिकामी आहेत? २०२१ मध्ये अनेक सरकारी रुग्णालयांत प्राणवायूचे प्रकल्प बसवले. आपल्याकडचा चालू आहे का, की धूळ खात पडला आहे? रुग्ण कल्याण समितीची बैठक शेवटची कधी झाली?

शेवटचा मुद्दा तोडणी मजुरांचा. मार्च २०२० मध्ये गाळप उरकत असताना टाळेबंदी लागली, आणि राज्यात लाखाहून अधिक ऊसतोड मजूर बायकामुलांसह खोपटांत अडकून पडले. १७ एप्रिलला शासनाने त्यांना घरी जाण्याची परवानगी दिली. पुढच्या साथीत आपल्या टोळ्यांची तपासणी, औषध आणि शिधा कोण बघणार, याची यादी गटवार आताच करून ठेवली पाहिजे. मुकादमांनी आणि सभासदांनी आपल्या सूचना गट कार्यालयात लेखी द्याव्यात. लागणीच्या नोंदीला गट कार्यालयात याल, तेव्हा हे काम त्याच फेरीत उरकता येईल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग